मोठ्या वयात गाणे शिकताना: भीती ओलांडून आपला गळा ओळखण्याच्या पायऱ्या

गाण्याची मनापासून आवड असूनही ‘आपल्याला गळा नाही’ असे ठरवून अनेक वर्षे गप्प राहिलेल्या माणसांसाठी हा लेख आहे. अशी माणसे थोडी नाहीत. कुणाला शाळेच्या समूहगीतातून बाजूला काढलेले असते, कुणाचा आवाज फुटण्याच्या वयात वर्गात हशा झालेला असतो, तर कुणाच्या घरात एखादे भावंड सुरेल असल्यामुळे गाणे हा त्याचाच प्रांत ठरून गेलेला असतो. पुढे चाळिशी-पन्नाशीत, मुले मोठी झाल्यावर किंवा निवृत्ती जवळ आल्यावर, ती इच्छा पुन्हा डोके वर काढते आणि तिच्या पाठोपाठ जुनी भीतीही येते. हिंदुस्थानी कंठसंगीत शिकू पाहणाऱ्याने ही भीती कोणत्या क्रमाने ओलांडावी आणि आपल्यातला उपजत गुण कसा ओळखावा, हे येथे सांगण्याचा प्रयत्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, स्वतःच्या पट्टीत, म्हणजे आपल्या गळ्याला सोयीच्या उंचीवर ‘सा’ धरून, रोज थोडा वेळ, काही महिने गायल्याशिवाय आपल्याला गळा आहे की नाही याचा निवाडा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. आपल्याला स्वतःलाही नाही.

पहिली पायरी: भीती नेमकी कशाची आहे ते पाहावे

आरंभी एका कागदावर दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. आपण एकटे असताना, स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना गुणगुणतो का? आणि तेच गाणे कुणी ‘म्हणून दाखव’ म्हटल्यावर आवाज अडतो का? दोन्ही उत्तरे ‘होय’ अशी असतील, तर आपली भीती गाण्याची नसून ऐकले जाण्याची आहे, आणि ही भीती सवयीने कमी होते. घाबरलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, श्वास छातीच्या वरच्या भागात उथळ चालतो, मानेचे आणि स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आखडतात, त्यामुळे आवाज थरथरतो आणि सूर वर-खाली होतो. आयुष्यात ज्या दोन-चार प्रसंगी आपण लोकांसमोर गायलो आणि निराश झालो, त्या वेळी ऐकू आला तो आपला घाबरलेला आवाज होता. त्यावरून गळ्याची परीक्षा करणे न्याय्य नाही.

दुसरी भीती बेसूर असण्याची असते. तिची तपासणी घरीच करता येते. आरतीच्या वेळी शेजारचा माणूस सूर सोडून गात असेल तर ते आपल्याला खटकते का? ओळखीच्या गाण्यात कुणी चुकीचा स्वर लावला तर तो कळतो का? कळत असेल, तर कान शाबूत आहे, आणि गाण्यात अर्धे काम कानाचेच असते. स्वरांतील फरक मुळातच न कळणारी माणसे असतात, पण ती फार थोडी. स्वतःला बेसूर म्हणवणाऱ्या बहुतेकांचा कान ठीक असतो. कानाने ऐकलेला स्वर गळ्यातून काढण्याचा सराव मात्र त्यांना कधीच मिळालेला नसतो. तो सराव मोठेपणीही होतो.

तिसरी भीती वयाची. येथे खोटा धीर देणे मला योग्य वाटत नाही. पन्नाशीत आरंभ करणाऱ्याच्या गळ्यातून लहानपणापासून शिकलेल्या गायकासारख्या द्रुत ताना, म्हणजे स्वरांच्या जलद लडी, बहुधा निघणार नाहीत. परंतु प्रौढ माणसाला रागाची रचना लवकर समजते, बंदिशीच्या, म्हणजे रागात बांधलेल्या गीताच्या, शब्दांतला भाव उमगतो आणि तो स्वतःच्या इच्छेने शिकायला आलेला असतो. मध्य लयीतला यमन राग नीट मांडण्यासाठी एवढे भांडवल पुरेसे आहे.

दुसरी पायरी: आपली पट्टी शोधावी

या पायरीवर मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण माझ्या मते ‘मला गळा नाही’ या समजुतीचे सर्वांत मोठे कारण चुकीची पट्टी हेच असते. आपण लहानपणापासून चित्रपटगीते ऐकतो आणि ती मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीतच म्हणून पाहतो. अनेक लोकप्रिय गाणी उंच पट्टीत गायलेली असतात. सामान्य माणूस अंतऱ्यापाशी पोहोचला की आवाज चिरकतो, आणि तो त्याचा दोष गळ्याला देतो. तेच गाणे चार-पाच स्वर खाली घेतले असते तर कदाचित विनासायास म्हणता आले असते.

आपल्याकडे पट्टी हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून सांगतात: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, अशा क्रमाने. पुरुष गायक साधारणपणे काळी एकच्या आसपास षड्ज, म्हणजे ‘सा’, धरतात. स्त्रिया बहुधा काळी चार ते काळी पाच या भागात गातात. मात्र ही केवळ सर्वसाधारण रीत आहे. स्वतःची पट्टी शोधण्यासाठी हार्मोनियम किंवा मोबाइलवरील तानपुऱ्याचे ॲप घ्यावे आणि सकाळच्या चहानंतर, आवाज थोडा मोकळा झाल्यावर, आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, एकेक स्वर खाली उतरत जावे. जो स्वर न घोगरता, न दाबता, स्पष्ट ऐकू येतो त्यांतला सर्वांत खालचा स्वर आपला मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘प’, मानावा. त्या पंचमाच्या वरचा षड्ज हा आपला ‘सा’. उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीला खाली काळी दोनपर्यंत आरामात उतरता येत असेल, तर तिचा षड्ज काळी चार येतो. एखाद्या पुरुषाला खालच्या सप्तकातील काळी चार सहज लागत असेल, तर त्याची पट्टी काळी एक होते. मग त्या षड्जावरून वर जात तार, म्हणजे वरच्या, सप्तकातील गंधारापर्यंत (‘ग’पर्यंत) ओरडल्याशिवाय पोहोचता येते का ते पाहावे. पोहोचता येत नसेल तर पट्टी अर्ध्या स्वराने खाली आणावी. पुढे शिक्षक ही पट्टी बदलतील, गळा तयार होत जाईल तशी ती पुन्हाही बदलेल. पण आरंभाला ती पुरते.

आवाज जाड आहे म्हणून संकोचणाऱ्या स्त्रियांनी गंगूबाई हनगल यांचे गाणे अवश्य ऐकावे. घशावरील उपचारानंतर त्यांचा आवाज भारदस्त आणि खालच्या पट्टीचा झाला, आणि त्याच आवाजाने त्यांनी किराणा घराण्याची गायकी अनेक दशके गाजवली. त्यांचे गुरू सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, यांचाही आवाज वयात येताना फुटल्यावर राठ झाला होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडील कठोर मेहनतीतून त्यांनी तो पुन्हा घडवला. इतक्या मोठ्या कलावंतांची उदाहरणे नवशिक्याच्या हाती द्यावीत की नाही, असा प्रश्न मला पडतो, कारण त्यांची मेहनत आपल्या आवाक्याबाहेरची होती. तरीही त्यांतून एक उपयोगी गोष्ट कळते: आवाजाचा मूळ पोत हा गाण्याला अडथळा ठरत नाही, त्या पोताला मानवेल असे गाणे शोधावे लागते.

याच्याशी जोडलेले आणखी एक उदाहरण कुमार गंधर्वांचे आहे. बालवयातच ख्याती मिळवलेल्या या गायकाला ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ मध्ये ते देवासला आले आणि पुढील काही वर्षे डॉक्टरांनी त्यांना गाण्याची मनाई केली होती. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एका फुप्फुसाची ताकद जवळजवळ गेलेली होती. लांब दमसासाऐवजी छोट्या, टोकदार स्वरवाक्यांची त्यांची पुढची गायकी या मर्यादेशी जोडून पाहिली जाते, आणि आजारपणाच्या काळात कानांवर पडलेल्या माळव्यातल्या लोकगीतांनी तिला नवे द्रव्य पुरवले. ज्यांचा श्वास कमी पडतो त्यांनी लांब आलापांची चिंता आरंभी करू नये; छोटी वाक्ये घ्यावीत आणि श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवून ठेवावे.

तिसरी पायरी: रियाजासाठी निर्धास्त जागा आणि ठरलेली वेळ

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाची मोठी अडचण शेजाऱ्यांची असते. आपला आवाज भिंतीपलीकडे जाईल या धास्तीने तो पुटपुटल्यासारखे गातो, आणि काही आठवड्यांत आवाज चोरण्याची सवय लागते. ही सवय पुढे मोडायला फार कष्ट पडतात, म्हणून ती लागूच देऊ नये. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे की आपण अमुक वेळी अर्धा तास गाणार आहोत. ज्यांना तेवढेही अवघड वाटते त्यांनी सुरुवातीचे काही आठवडे गच्ची, टेकडी, देवळाचा रिकामा मंडप किंवा बंद उभी केलेली गाडी निवडावी. महत्त्व इतकेच की, नेहमीच्या बोलण्याइतका तरी मोकळा आवाज लावता आला पाहिजे.

रोज वीस ते पंचवीस मिनिटे पुरतात, आणि रविवारच्या सलग दोन तासांपेक्षा ती अधिक फळ देतात. तानपुरा आपल्या पट्टीत लावून, पहिल्या तारेला पंचम ठेवून, एक-दोन मिनिटे केवळ ऐकावे. मग मोकळ्या आकारात षड्ज धरावा. सूर लागला की आपला आवाज तानपुऱ्याच्या आवाजात मिसळून जातो आणि वेगळा ऐकू येत नाही. ही जाणीव पहिल्यांदा होईल त्या दिवशी भीतीचा बराच भाग आपोआप गळून पडतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यानंतर सा, नी, ध, प असे मंद्रात उतरत जाऊन प्रत्येक स्वरावर एकेक श्वास थांबावे. मग सारेग, रेगम, गमप यांसारखे साधे अलंकार संथ लयीत घ्यावेत. पुढच्या टप्प्यात भूप घ्यावा. या रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर असल्यामुळे नवशिक्याला तो सोपा जातो. शेवटची पाच मिनिटे मनाला आवडणारे कोणतेही गाणे, भजन किंवा अभंग आपल्या पट्टीत म्हणण्यासाठी राखून ठेवावीत, कारण ज्या आनंदासाठी आपण हे सुरू केले तो रोज थोडा तरी मिळाला पाहिजे.

तालाची धास्ती अनेकांना सुरापेक्षा जास्त असते. तीनतालाच्या सोळा मात्रा चालता चालता हातावर मोजाव्यात: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. काही आठवड्यांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येण्याआधीच तिची चाहूल लागू लागते.

आठवड्यातून एकदा आपले गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, पण ते लगेच ऐकू नये, दुसऱ्या दिवशी ऐकावे. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना धक्का बसतो. आपला आवाज आपल्याला एरवी हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात हाडांतून येणारा भाग नसल्याने तोच आवाज पातळ आणि परका वाटतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर हे परकेपण जाते, आणि मग आपण आवाजाऐवजी सुराकडे लक्ष देऊ लागतो. ऐकताना वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: कोणता स्वर चांगला लागला आणि कोणता कणसूर, म्हणजे किंचित सुराबाहेर, राहिला.

घशाविषयी थोडेसे. पाणी पुरेसे प्यावे, ओरडणे टाळावे, सर्दी असताना रियाज हलका ठेवावा आणि घसा दुखू लागला की थांबावे. दुखण्यातून गळा तयार होतो ही समजूत धोक्याची आहे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

चौथी पायरी: गुरूंकडे जाणे

पुस्तके आणि चित्रफिती यांच्या आधारे काही काळ चालता येते, पण आपला कणसूर स्वर आपल्याला कळत नसेल तेव्हा तो दाखवणारा कुणीतरी समोर हवा. सुदैवाने महाराष्ट्रात शिक्षक शोधणे अवघड नाही. सर्वसामान्य घरांतील मुलामुलींना शिस्तीने संगीत शिकता यावे यासाठी पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची केंद्रे आज गावोगावी आहेत. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी ही चढण आहे. परीक्षा द्यावीच असे नाही. मात्र ज्यांना आपण कुठवर आलो हे कळल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना प्रारंभिकचा अभ्यासक्रम चांगला आधार देतो. लहान मुलांच्या रांगेत बसून परीक्षा देण्याचा संकोच वाटू देऊ नये. मोठी माणसे तेथे येत असतात.

शिक्षक निवडताना त्यांची कीर्ती पाहण्यापेक्षा त्यांचा एक वर्ग शांतपणे बसून पाहावा. विद्यार्थी चुकल्यावर ते काय करतात? तोच स्वर पुन्हा गाऊन दाखवतात, की सर्वांसमोर टोमणा मारतात? कडकपणा चालेल, किंबहुना तो हवाच. उपहास मात्र भित्र्या गळ्याला पुन्हा गप्प करतो. आपल्या पट्टीत शिकवतात की सर्वांना एकाच पट्टीत गायला लावतात, हेही विचारावे. मोठ्या सामूहिक वर्गात, विशेषतः स्त्री-पुरुष एकत्र असताना, कुणाची ना कुणाची तरी पट्टी चुकतेच, म्हणून आठवड्यातून एकदा वैयक्तिक शिकवणी मिळाली तर ती पसंत करावी. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे: ‘सर, मला लोकांसमोर गाण्याची भीती वाटते, आणि मला आधी ती घालवायची आहे.’ चांगले शिक्षक हे ऐकून सुरुवातीला आपल्याबरोबर गातात आणि मग हळूहळू आपला आवाज मागे घेत शिष्याला एकटे सोडतात.

पाचवी पायरी: आपला गुण कुठे आहे ते वाचावे

सहा-आठ महिन्यांचा नियमित रियाज झाल्यावर वही उघडून बसावे. उपजत गुण बहुधा गाजावाजा करत येत नाही. तो काही खुणांवरून ओळखावा लागतो. कोणती गोष्ट इतरांपेक्षा कमी श्रमात जमते? रियाजाचा कंटाळा आला तरी कोणत्या भागाशी आपण परत परत येतो? गुरुजी कोणत्या बाबतीत दुरुस्ती करणे सोडून पुढचे शिकवू लागले आहेत? एखाद्याचा सूर पक्का असतो पण लय डळमळते, तर दुसऱ्याला ठेका सुरू होताच अंगात हुशारी येते. कुणाला रागविस्तारापेक्षा अभंगाचे शब्द उलगडण्यात रस असतो, कुणाला नाट्यपदातल्या चपळ जागा घेण्यात.

कधी असेही दिसून येईल की आपला गुण गळ्यात नाही. याचे दुःख होईल, आणि ते होऊ द्यावे. पण तेवढ्यावर संगीत सोडून देण्याचे कारण नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते. ते गाणे आणि सतार शिकले होते, परंतु त्यांचे नाव मैफलींमुळे राहिलेले नाही. देशभर फिरून त्यांनी उस्तादांकडील बंदिशी जमवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांवरून पाडलेल्या गटांत, मांडणी केली. आज प्रारंभिकचा विद्यार्थी ‘कल्याण थाट’ म्हणतो ते त्यांच्या या कामामुळे. ऐकण्यात, समजून घेण्यात, जमवण्यात आणि मांडण्यात असलेला गुण त्यांना संगीताच्या आत राहूनच सापडला. आपल्यापैकी कुणाला हार्मोनियमची साथ जमेल, कुणी तबल्याकडे वळेल, कुणी लहान मुलांना अलंकार शिकवील. हे वळण घेण्यासाठीही आधी गाऊन पाहावे लागते.

सहावी पायरी: श्रोत्यांसमोर जाणे

येथे घाई करू नये आणि टाळाटाळही करू नये. ज्या श्रोत्यांची भीती सर्वांत कमी वाटते त्यांच्यापासून आरंभ करावा: घरातील एक विश्वासू माणूस, मग दोन-तीन मित्र, मग भजनी मंडळ. भजनी मंडळाची जागा मला फार मोलाची वाटते. तेथे टाळ-मृदंगाच्या गजरात आपला आवाज इतरांच्या आवाजात सामावलेला असतो, एखादे कडवे एकट्याने म्हणण्याची पाळी येते आणि ध्रुवपदाला, म्हणजे पालुपदाला, पुन्हा सगळे सोबत येतात. ज्यांना देवाधर्माच्या वातावरणात अवघडल्यासारखे वाटते त्यांनी समूहगानाच्या एखाद्या गटात जावे.

त्यानंतर बहुतेक वर्गांत होणारा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम हे पहिल्या एकट्या गाण्यासाठी सर्वांत योग्य ठिकाण आहे, कारण समोर बसलेले जवळजवळ सर्व जण स्वतः शिकणारे असतात आणि आपापल्या पाळीच्या काळजीत असतात. तयारी महिनाभर आधी सुरू करावी. एकच राग, एकच मध्य लयीची बंदिश, सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त नाही. नवा राग घेऊ नये. ज्यात चूक झाली तरी सावरता येईल इतका तो परिचयाचा असावा. तबलजींबरोबर किमान दोनदा बसावे आणि लय कुठे हवी ते टाळी देऊन दाखवावे. कार्यक्रमाच्या दिवशी पोट भरून जेवू नये, उपाशीही राहू नये. बैठकीवर बसल्यावर लगेच गाऊ नये. तानपुरा ऐकावा, दोन-तीन श्वास पोटापर्यंत घ्यावेत, श्वास सोडण्यास घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यावा आणि मग षड्ज लावावा. तो थरथरला तरी सोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या षड्जाला तो बहुधा स्थिर होतो. मध्येच शब्द विसरले तर त्याच ओळीचा आकार करावा, मात्रा हरवल्या तर तबल्याकडे कान लावून मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यावर, यावे आणि सम गाठावी. कुणाकडे पाहून खेदाने हसू नये, चुकीची क्षमा मागू नये. श्रोत्यांपैकी अनेकांना ती चूक कळलेलीही नसते.

कार्यक्रम झाल्यावर त्याच संध्याकाळी सर्वांची मते गोळा करू नयेत. दुसऱ्या दिवशी गुरूंना एवढेच विचारावे की पुढील तीन महिने नेमके कशावर काम करू. ते जे सांगतील ते वहीच्या नव्या पानावर लिहावे आणि पुढच्या कार्यक्रमासाठी तोच राग ठेवून त्यात एक नवी बंदिश घ्यावी. ओळखीच्या रागात दुसऱ्यांदा बसताना स्वरांची चिंता कमी असते, आणि आपण किती सरकलो आहोत ते पहिल्या व दुसऱ्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ऐकून स्वतःच ठरवता येते.